बायकोच्या कादंबऱ्यांचा बारचार्ट

मस्कतला आमच्या मंडळाचं शुक्रवारचं जेवण होतं. श्रीखंडाच्या रांगेत माझ्या पुढे एक बाई उभ्या होत्या. रांगेत काहीतरी बोलायचं म्हणून त्यांनी विचारलं, "मिसेस काय करतात तुमच्या?" मी चार माणसांत गमतीदार ठरावं म्हणून म्हणालो, "तिला काय काम? दिवसभर सोफ्यावर लोळून जाडजूड इंग्रजी कादंबऱ्या वाचते."

"कुठल्या?"

या प्रश्नाची माझी तयारी नव्हती. "जुन्या असतात," मी म्हटलं. "इंग्रजांच्या राणीच्या काळातल्या. सगळीकडे धुकं असतं आणि मधूनमधून कोणीतरी खोकून मरतं."

बाई हसल्या. म्हणाल्या, "मी इथल्या एका इंडियन स्कूलमध्ये इंग्रजीचा विभाग बघते. अकरावीला नेमकं तेच धुकं शिकवायला कोणी मिळत नाहीये. काय शिकल्यात त्या?"

"एम.ए.," मी म्हणालो. विषय कुठला ते मला क्षणभर आठवेना, हे आताच कबूल करून टाकतो. लग्नाला सोळा वर्षं झाली होती. तेवढ्यात मागून आवाज आला, "इंग्रजी साहित्य. कोल्हापूर." बायको माझ्या मागे दोन माणसं सोडून ताट घेऊन उभी होती आणि तिने पहिल्या शब्दापासून सगळं ऐकलं होतं.

आम्ही गाडीने घरी निघालो. मी सोफ्याबद्दल माफी मागायची वाक्यं जुळवत होतो. रुवीच्या सिग्नलला ती म्हणाली, "त्यांनी मला डेमो द्यायला बोलावलंय. बुधवारी. चाळीस मिनिटं, विषय एकोणिसाव्या शतकातली इंग्रजी कादंबरी." मग खिडकीबाहेर बघत म्हणाली, "मी एकोणचाळीस वर्षांची आहे. इथे येऊन दहा वर्षं झाली. हे जमलं नाही तर मी पुन्हा कुणाकडे विचारायला जाणार नाही."

तिच्या व्हिसावर माझं नाव होतं आणि काम करायला परवानगी नाही असा शिक्का. तो शिक्का मी दर दोन वर्षांनी नवा करून आणत होतो आणि त्याबद्दल कधी विचार केला नव्हता.

आता तिच्या वाचनाबद्दल थोडं सांगायला हवं, कारण मी रांगेत सांगितलं ते खोटं होतं. आम्ही रुवीला लागूनच असलेल्या हमरियाला राहायचो. माझं ऑफिस दोन वेळांचं, आठ ते एक आणि चार ते सात. दुपारी मी जेवायला आणि झोपायला घरी यायचो, म्हणजे तिचा दिवस मधोमध कापलेला. ती वाचायची ती मी पुन्हा ऑफिसला गेल्यावर. कोल्हापूरहून आणलेली पुस्तकं होती, समासात पेन्सिलीने बारीक मराठी टिपा लिहिलेली. मी एकदा त्यातलं एक हातात घेतलं होतं. चाळीस पानं झाली तरी नायक जन्माला आला नव्हता. मी ते परत ठेवलं.

समोरच्या दारात रत्नागिरीकडच्या एक भाभी राहायच्या. त्यांच्या यजमानांचं सूकमध्ये, म्हणजे तिथल्या बाजारात, कापडाचं दुकान. साडेचारला त्या चहा घेऊन यायच्या आणि बायको त्यांना आदल्या दिवशी वाचलेलं मराठीत सांगायची. रोज एक प्रकरण. मी कधी लवकर घरी आलो तर बाहेर बूट काढताना ऐकू यायचं.

"मग काय झाला, वैनी?"

"मग तो बेटांवर निघून गेला. मळे होते ना त्यांचे तिकडे."

"पत्र?"

"वर्षातनं एक."

"आमच्या सासऱ्यांचा असाच. आफ्रिकेला गेलेले. येतील तेव्हा येतील. आणि ती पोरगी?"

"ती मोठ्या घरात पोरांना शिकवायला राहिली. ना मोलकरीण, ना पाहुणी. जेवायला कुठं बसायचं तेसुद्धा कळेना तिला."

"आणि वाडी कोणाच्या नावावर?"

"चुलतभावाच्या."

"झाला," भाभी म्हणायच्या. "चुलतभाऊ आला म्हणजे खलास. पुढचा उद्या सांगा."

इंग्लंडातल्या जमिनीच्या वारसाहक्कावर लोक ग्रंथ लिहितात म्हणे. भाभींना तो एका कपात कळायचा. त्यांच्या घरी हेच चाललं होतं, नारळांच्या बाबतीत.

तर डेमोला पाच दिवस होते आणि मी मदत करायची ठरवली. मला कुणी विचारलं नव्हतं. मी एका बांधकाम कंपनीत प्लॅनिंगला होतो. आमच्याकडे कुठलंही काम आलं की आम्ही पहिल्यांदा त्याचा बारचार्ट करतो. खोदकाम कधी सुरू, कधी संपणार, कॉलम कधी, स्लॅब कधी, प्रत्येकाची एकेक आडवी पट्टी. मला वाटलं, शतक म्हणजे तरी काय, शंभर वर्षांचा प्रोजेक्ट. मी बायकोकडून मोठ्या कादंबरीकारांची यादी घेतली. तिने ती भाजी चिरताना, मान वर न करता सांगितली. मी प्रत्येकाची पट्टी काढली, जन्मापासून मृत्यूपर्यंत, आणि पट्टीवर पुस्तकांचे टप्पे टाकले. पुरुष निळे, बायका गुलाबी.

"त्यातल्या काही जणींनी पुरुषांच्या नावाने लिहिलंय," बायको म्हणाली.

हा प्रश्न आमच्या कंपनीत कधी आला नव्हता. मी जांभळा रंग घेतला.

"आणि हा गृहस्थ शेवटचं पुस्तक अर्धं टाकून गेला," ती म्हणाली. मी तिथे लाल अक्षरात 'काम अपूर्ण' असं इंग्रजीत टाकलं. रेल्वे आली, गिरण्या आल्या, त्यांच्या उभ्या रेघा मारल्या. सगळ्यांत लांब पुस्तकांची एक साखळी काढून तिला क्रिटिकल पाथ म्हटलं, म्हणजे जी लांबली की अख्खा प्रोजेक्ट लांबतो ती. का म्हटलं ते आज सांगता येत नाही. ऑफिसच्या नकाशे छापायच्या प्लॉटरवर छापून आणलं तेव्हा आमचं डायनिंग टेबल पूर्ण झाकलं जाऊन कडेने वीतभर खाली लोंबत होतं.

बायकोने ते बघितलं. बराच वेळ बघितलं. "छान छापलंय," म्हणाली.

मंगळवारी तिने आम्हाला तालीम करून दाखवली. श्रोते म्हणजे मी, नववीतली मुलगी आणि भाभी. बायको चार्टजवळ उभी राहून एकेका पट्टीवर फूटपट्टी ठेवत इंग्रजीत सांगत गेली. हे अमुक साली जन्मले, यांनी इतक्या कादंबऱ्या लिहिल्या. आवाज घरचा नव्हता. दहा वर्षांत तिने इंग्रजी वाचलं खूप, पण बोलली ती फक्त दवाखान्यात आणि पालकसभेत. मुलगी मधेच म्हणाली, "आई, प्लीज, तिथे असं बोलू नकोस हं." भाभींनी मात्र शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि विचारलं, "वैनी, यात ती पोरगी कुठे हाय?"

"कुठली?"

"जेवायला कुठं बसायचं कळत नव्हता ती."

बायकोने चार्टकडे पाहिलं. त्यात त्या पोरीला जागा नव्हती. मी म्हणालो, "भाभी, ती कादंबरीत आहे. हे कादंबरीकार आहेत."

"असेल," भाभी म्हणाल्या. "पण हे सगळे तर मेले ना?"

बुधवारी मी सकाळची रजा घेतली आणि तिला शाळेत सोडायला गेलो. तिने मोतिया रंगाची साडी नेसली होती. हातात एक पुस्तक, बाकी काही नाही. ती आत गेली. मी गाडीत एसी लावून बसलो आणि पाच मिनिटांनी मागच्या सीटवर चार्टची गुंडाळी दिसली.

मी इंजिन बंद केलं. इतकी तयारी करून बाई ऐन वेळी मुख्य गोष्ट विसरली. घाबरली असणार. मी गुंडाळी उचलली, वॉचमनला सलाम केला आणि पायऱ्या दोन-दोन करत वर गेलो.

वर्गाच्या दाराला काच होती. शेवटच्या बाकावर श्रीखंडातल्या बाई आणि प्रिन्सिपल वह्या उघडून बसले होते. तीसेक मुलं अगदी शिस्तीत बसली होती, म्हणजे कुणीच ऐकत नव्हतं. बायको फळ्याजवळ उभी राहून हळू आवाजात बोलत होती आणि मधे थांबत होती. एकदा तर चांगलीच थांबली. प्रिन्सिपलनी घड्याळाकडे बघितलं. मी दार ढकललं.

"एक्सक्यूज मी, मॅडम," मी म्हणालो, "तुमचा चार्ट."

माझ्या डोक्यात असं होतं की द्यायचा आणि निघायचं. पण तो भिंतीला लावायला दोन माणसं लागतात. मी वरची कडा फळ्याला धरली, खालची कडा सोडली, आणि अख्खं शतक फर्रकन गुंडाळत वर येऊन माझ्या हनुवटीला लागलं. मुलं हसायला लागली. एका मुलाने इंग्रजीत शेजाऱ्याला विचारलं, हा माणूस एसीवाला आहे का.

बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी तिच्या चेहऱ्यावर राग शोधत होतो. तिथे दुसरंच काहीतरी होतं. पुस्तक वाचताना एखाद्या ओळीला पेन्सिल लावायच्या आधी ती जशी दिसते तशी ती दिसत होती.

ती मुलांकडे वळून इंग्रजीत म्हणाली, "हे माझे पती. हा चार्ट मी मुद्दाम गाडीत ठेवून आले होते."

हशा झाला. ती थांबली नाही. "त्या काळातल्या कादंबऱ्यांत असे एक सद्गृहस्थ असतातच. मनाने चांगले असतात. उत्पन्नही बरं असतं. त्यांना कुणी बोलावलेलं नसतं. आणि नायिकेच्या आयुष्याचा आराखडा त्यांनी आधीच काढून आणलेला असतो."

मी अजून कडा धरून उभा होतो. सोडली असती तर पुन्हा फर्रकन झालं असतं.

पहिल्या बाकावरच्या एका मुलीने हात वर केला. "मॅम, मग ती त्यांना जा म्हणून का सांगत नाही?"

"कशी सांगेल?" बायको म्हणाली. "घर त्यांच्या नावावर आहे. तिला मिळणारा पैसा लग्न झालं की त्यांचा होणार. ती कुठे राहते, कुठे जाते, सगळं त्यांच्या कागदावर आहे. सांगा बरं, अशा बाईने काय करायचं?"

आता वर्ग खरोखर ऐकत होता. शाळेत बसलेल्या त्या मुलामुलींच्या आया कुणाच्या कागदावर इथे राहत होत्या हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. एक मुलगा म्हणाला, पळून जायचं. एक मुलगी म्हणाली, नोकरी करायची. बायको म्हणाली, "कुठली? त्या काळात सभ्य घरच्या मुलीला करता येईल अशी नोकरी सांग." आणि मग तिने ती मोठ्या घरात शिकवायला राहिलेली पोरगी आणली, जिला जेवायला कुठं बसायचं कळत नाही. इंग्रजी अडखळत नव्हतं. ती भाभींना सांगायची त्याच आवाजात सांगत होती, फक्त भाषा बदलली होती. मधेच म्हणाली, ही पुस्तकं दर महिन्याला थोडीथोडी छापून यायची, लोक पुढच्या भागाची वाट बघायचे, आणि काही बायकांना ती लिहायला पुरुषाचं नाव घ्यावं लागलं. तेव्हा माझ्याकडे न बघता तिने गुंडाळीतून बाहेर डोकावणाऱ्या जांभळ्या पट्टीवर बोट ठेवलं. चार्टचा तेवढाच उपयोग झाला.

घंटा झाली तेव्हा नायिका दरवाज्यात पत्र हातात घेऊन उभी होती आणि पत्रात काय आहे हे सांगायच्या आत बायकोने पुस्तक मिटलं. मुलं उठेनात. शेवटच्या बाकावरून प्रिन्सिपलनी विचारलं, "पत्र कोणाचं असतं?" विभागाच्या बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं तेव्हा ते वही मिटून उठले.

मी गाडी सुरू केली. चार्ट मागच्या सीटवर गुंडाळलेला पडला होता, आता त्याला कशाची घाई नव्हती. बायको एकदा हसली, मग पुन्हा हसली.

तीन दिवसांनी शाळेतून फोन आला. व्हिसाचे कागद शाळा करून घेणार होती, माझ्याकडून एक ना हरकत पत्र हवं होतं. ते मी दोनदा वाचून सही केली. इतकी वर्षं ते पत्र माझ्याचकडे होतं आणि मी ते दिलं नव्हतं असं मला वाटलं. भाभींनी शिरा पाठवला आणि निरोप दिला की शाळा सुटल्यावर साडेचारचा चहा आहे तसाच राहील, इन्शाल्ला, गोष्टीतल्या पत्राचा काय झाला ते आधी सांगावं.

कागद हातात आल्यावरच्या शुक्रवारी संध्याकाळी ती साडीला इस्त्री करत होती. मी दारात उभा राहून विचारलं, "उद्या पहिला दिवस आहे. येऊ का सोडायला?"

तिने इस्त्री उभी केली आणि थोडा विचार केला.

"फाटकापर्यंत या," ती म्हणाली. "आत मी जाईन."