राजेश्वरी आणि एक नंबरचा थ्रेड

राजेश्वरी,

तुझ्याबद्दल लिहितेय. परवानगी मागत नाही, कारण तू "कशाला मॅडम" म्हणणार आणि त्यात माझी सकाळ जाणार. तू जे केलंस त्याचं इथं कुणी कौतुक केलं नाही, कारण ते काय आहे हेच कुणाला कळलं नाही. बिल्डिंगमधले अर्धे लोक अजून समजतात की तू घरी बसून लाइटबिलं भरून देतेस. तेव्हा आता गप्प बस आणि मला सांगू दे. चुकलं तर खाली येऊन सांग. मला जिना चढवत नाही.

तर, राजेश्वरी सोलापुरात आमच्या बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर राहते. नवरा शिवू मोटार रिवाइंडिंगचं दुकान चालवतो. बोअरच्या जळालेल्या मोटारी त्याच्याकडे येतात. ती पुण्याच्या एका सॉफ्टवेअर कंपनीचं काम घरूनच करायची. त्या कंपनीनं ऐन उन्हाळ्यात कळवलं, दिवाळीनंतर सगळ्यांनी ऑफिसात यायचं, नाहीतर राजीनामा द्यायचा. शिवूचं गिऱ्हाईक सगळं इथल्या विहिरींवरचं, ते उचलून पुण्याला नेता येत नाही. आणि नोकरी सोडून घरात बसणं राजेश्वरीला जमणारं नव्हतं.

"तू जा की पुण्याला, शनवारी येत जा," शिवू म्हणाला.

"शनिवार-रविवारची बायको पाहिजे का तुला?"

"तसं न्हाई. सोमवारी भांडायला कोन, त्योच इचार करतोय."

वाट एकच दिसत होती. परदेशातली एक कंपनी होती, जिचे सगळे लोक आपापल्या घरूनच काम करतात. त्यांना राजेश्वरीची मुलाखत आवडली, पण त्यांनी अट घातली. जगभरचे प्रोग्रॅमर जी मोफत, खुली हत्यारं वापरतात त्यांपैकी एकात तुमची एखादी सुधारणा स्वीकारलेली दाखवा. दिवाळीपर्यंत थांबतो. म्हणजे सोलापुरात राहायचं की नाही, हे त्या एका सुधारणेवर आलं.

सुधारणा तिला शोधावी लागली नाही. ती वर्षानुवर्षं तिच्या डोळ्यांत खुपत होती. मला तिनं ते असं समजावलं. मोठा प्रोग्रॅम म्हणजे लग्नाचं स्वयंपाकघर. एक बाई पुऱ्या लाटतेय, एक तळतेय, एक आमटीला फोडणी घालतेय, सगळं एकाच वेळी. या एकेका बाईला थ्रेड म्हणायचं. त्यांना नंबर असतात. पहिली कामाला लागली ती एक नंबरची, बाकीच्यांना तीच कामाला लावते. आता स्वयंपाकघर अचानक ठप्प झालं, तर डिबगर नावाचं हत्यार आत जातं आणि प्रत्येकीला विचारतं, तू कुठं अडकलीस, इथवर कशी आलीस? सगळ्यांना एकदम विचारण्याचा एक हुकूम आहे. पण तो शेवटच्या नंबरपासून विचारत येतो. राजेश्वरी ही उत्तरं फाइलमध्ये उतरवून वरून खाली वाचायची, आणि एक नंबरचा, म्हणजे मुख्य थ्रेड निघायचा शेकडो थ्रेडांच्या तळाशी.

"कुणाच्या डोक्यातनं निघालं हे देव जाणे," ती म्हणायची. "यादी उलटी कोण वाचतं?"

मग तिनं सरळ तो क्रम फिरवला. आता सगळ्यांना सगळीकडे एक नंबर आधी दिसणार होता. बदल नीट तपासून तिनं त्या डिबगरची देखभाल करणाऱ्या लोकांकडे पाठवून दिला आणि वर शिवूला सांगितलं, "झालं काम."

उत्तर आलं ते त्यांच्यातल्या एका जुन्या जाणत्याचं. त्याचा मतलब एवढाच होता की हा क्रम तुम्हाला उलटा वाटतो, पण लोकांना त्याची सवय आहे, काहींचे प्रोग्रॅम त्यावर चालतात, त्यांना न विचारता तुम्ही त्यांचं घर का बदलता? हवा तर तुमच्यासाठी वेगळा पर्याय जोडा.

राजेश्वरीचा पारा चढला. तिनं उलट टपाली लिहिलं की जुनी चूक जुनी झाली म्हणून बरोबर ठरत नाही. हे इंग्रजीत आणखीच खोचक लागतं. त्यानंतर तिकडून काहीच आलं नाही. नवरात्र आलं, तरी नाही.

"मी चुकले नाही, मॅडम," ती माझ्या ओट्यावर बसून म्हणाली.

"नसशील. पण पुण्याला तूच जाणार आहेस, तो नाही."

ती फणकाऱ्यानं उठून गेली. शहाणी मुलगी आहे, पण शहाणपणाची तिला फार घाई असते.

त्याच आठवड्यात पाण्याचं झालं. आमच्याकडे नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं, हे काही नवीन नाही. ते हौदात घ्यायचं, मोटारीनं गच्चीवर चढवायचं आणि खाली हौदाजवळून एकेका मजल्याच्या टाकीचा वॉल्व्ह सोडायचा. आमचे सेक्रेटरी निंगप्पाकाका हे काम करायचे, तेही नेहमी चौथ्या मजल्यापासून खाली. तळमजला शेवटी, तोवर पाणी संपत आलेलं असायचं. तळमजल्यावरचे आम्ही सगळे त्यांच्याकडे कुरकुरलो. काकांना ते पटलं आणि त्यांनी त्या सकाळी कुणाला न सांगता तळमजल्यापासून सुरुवात केली.

तिसऱ्या मजल्यावर राजेश्वरीनं, चौथ्यानंतर आपलीच पाळी म्हणून, टाकी रिकामी करून ठेवलेली, मशीनला कपडे लावलेले, अंगाला साबण. ती केस तसेच बांधून खाली आली.

"काका, काय चाललंय हे?"

"खालच्यांना आधी देतोय. त्येंचं बरोबर हाय की. शेवटचं राहत्यात बिचारे."

"बरोबर असेल. पण सगळ्या मजल्यांनी आपली कामं जुन्या क्रमावर बसवलीत. त्यांना न विचारता उलटं कसं केलंत? खालच्यांना आधी हवं, तर त्यांच्यापुरती वेगळी सोय काढा. बाकीच्यांचं घर..."

आणि ती थांबली. हातात टॉवेल तसाच.

"बोल की पुढं," काका म्हणाले. "घर काय?"

"काही नाही."

"आगं, येकाच पाईपला दोन क्रम कुटनं आनू मी?"

"तुम्हाला नाही जमणार काका. मला जमेल." आणि ती धडाधड जिना चढून गेली. काकांना ते बोलणं फार लागलं. दोन पायऱ्या थांबून नीट सांगितलं असतं तर लागलं नसतं, पण तिला थांबता येत नाही.

त्या दिवशी तिनं आधी डिबगरवाल्या त्या जुन्या जाणत्याला माफीचं पत्र लिहिलं. लांबण नाही, रडगाणं नाही. मी अविचारानं बोलले, तुमचं म्हणणं आता समजलं. मग एक प्रश्न विचारला, जो आधीच विचारायला हवा होता: तुम्हाला उलटा क्रम सोयीचा का वाटतो? त्यानं लगेच सांगितलं. तो उत्तरं पडद्यावर बघतो. मजकूर सरकत वर जातो आणि शेवटचं तेवढं समोर राहतं. एक नंबर शेवटी आला की तो अगदी डोळ्यांपुढं.

"म्हणजे त्यालाही एक नंबरच आधी बघायचाय," ती मला म्हणाली. "तो खालून बघतो, मी वरून."

मग तिनं सगळं नव्यानं केलं. जुना हुकूम जसाच्या तसा ठेवला. त्याच्यापुढं एक जादा शब्द लिहिला तरच क्रम एकपासून चढता. न लिहिणाऱ्याला कशाचाच धक्का नाही. दोन्ही क्रम बरोबर येतात की नाही हे तपासणारा छोटा प्रोग्रॅम तिनं लिहिला. माहितीपुस्तकात परिच्छेद घातला. मी शाळेत इंग्रजी शिकवलेलं, म्हणून तो इंग्रजी परिच्छेद माझ्याकडे आणला, मी निम्मा छाटला. त्यातलं एक वाक्य तिनं परत घातलं, आणि खरं सांगायचं तर ते हवंच होतं.

तिकडून आता चुका काढलेली उत्तरं येऊ लागली. इथं जागा सोडा, ही ओळ लांब झाली, याचं नाव बदला. ती एकेक दुरुस्त करून पाठवायची आणि खाली आभार लिहायची. शिवू दारात उभा राहून बघायचा.

"पगार न्हाई, काय न्हाई, वर चुका काडत्यात. आन् तू थँक्यू लिवतीस?"

"चुका काढतायत म्हणजे वाचतायत. गप्प होते तेव्हा भीती वाटत होती."

वसुबारसेच्या सकाळी मंजुरी आली. त्याच माणसानं लिहिलं होतं की काम स्वच्छ आहे, आणि फाइल वाचताना मीही हा पर्याय वापरीन. परदेशातल्या कंपनीनं शब्द पाळला. पुण्याचा राजीनामा राजेश्वरीनं स्वतः टाईप केला, एका ओळीचा. भाऊबीज उरकून शिवूनं दुकान उघडलं. ती तिसऱ्या मजल्यावर आहे तिथंच आहे आणि सोमवारी दोघं भांडतात, ते मला खाली ऐकू येतं.

निंगप्पाकाकांना मात्र यातलं काही माहीत नाही. थंडीत ते मुलाकडे मोहोळला राहायला गेले. तू म्हणालीस, "मॅडम, आपण जाऊन त्यांना सांगू, माझं भांडण त्यांच्याशी नव्हतंच." मी हो म्हटलं. मग तुझी नवी नोकरी, मग माझा गुडघा, मग ऊन. मध्यंतरी शिवू मोटारीच्या कामाला मोहोळला गेला तेव्हा काकांनी त्याला विचारलं, "राजेश्वरी अजून रागावलीय व्हय रे?"

"ती येनार हाय तुमच्याकडं," शिवू सांगून आला.

मोहोळची गाडी दिवसभर मिळते. आपण गेलेलो नाही.