भांडगावच्या डोंगरामागची हाक

दौंडच्या रेल्वे कॉलनीत मे महिन्यात दुपारी पंख्याची हवासुद्धा अंगाला चटके देते. त्यामुळे सुधीर, माझा नवरा, म्हणाला, "डोंगरावर मुक्काम करू, तंबू लावून," तेव्हा मी फारसे आढेवेढे घेतले नाहीत. सुधीर मालगाडी चालवतो. त्याला सलग रजा मिळणं हीच मोठी गोष्ट असते. आमची नऊ वर्षांची एस्तेर तर आदल्या दिवसापासून बूट घालून घरात फिरत होती.

डिकीत दोन तंबू, पाण्याचे कॅन, छोटी शेगडी आणि कांदे-बटाट्यांची पिशवी कोंबून आम्ही पाटस, वरवंड करत चौफुल्याला आलो. तिथे उज्ज्वला आणि तिचा नवरा आनंद मोटारसायकलवरून आधीच येऊन थांबले होते. मध्ये त्यांची लेक गौतमी. उज्ज्वला माझी डी.एड.ची मैत्रीण. ती भीमेकाठच्या वडगाव रासाईची. लग्नही गावातच झालं, त्यामुळे तिचं बोलणं अजून नदीकाठचं राहिलंय. आनंद रांजणगावच्या एका कारखान्यात पाळ्या करतो.

गरम भजी आणि चहा झाला. गल्ल्यावरच्या मामांनी आमच्या गाडीत डोकावून विचारलं, "कुठं निघालाय एवढा पसारा घेऊन?"

"भांडगावच्या वरच्या डोंगरावर. मुक्कामाला," सुधीर म्हणाला.

"डोंगरावर काय हाय? पानी न्हाई, सावली न्हाई." मग सुटे पैसे देता देता ते म्हणाले, "बरं, जावा. पर मागच्या अंगाला उतरू नका."

"का हो? काय आहे तिकडं?"

"आमी कुनी जात न्हाई तिकडं." एवढंच बोलून ते पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळले.

भांडगावाला हमरस्ता सोडला. थोडा वेळ दोन्ही बाजूंना ऊस होता, एका गुऱ्हाळाचा गोड करपट वास आला, आणि मग हिरवा रंग एकदम संपला. पुढे नुसतं वाळलेलं कुसळी गवत आणि काळे दगड. मोटारसायकल भांडगावातच एका ओळखीच्या अंगणात लावली होती, त्यामुळे गाडीत आम्ही दाटीवाटीने बसलो होतो. तसेच शेवटच्या वस्तीवर (शेतातल्या पाच-सहा घरांच्या पुंजक्यावर) पोचलो.

वस्तीवर माणूस नव्हतं. एका अंगणात बाजेवर तांदूळ निवडायला घेतलेलं सूप तसंच पडलं होतं. चुलीतून धूर निघत होता. कोंबड्या फिरत होत्या. आनंदने दोनदा "आहे का कुणी घरात?" म्हणून विचारलं. एका घराचं दार अर्धवट उघडं होतं आणि आत अंधार होता. आतून काहीच उत्तर आलं नाही. गाडी लिंबाखाली लावून आम्ही सामान डोक्या-खांद्यांवर घेतलं. वर चढताना मी एकदा मागे वळून पाहिलं. ते दार तसंच अर्धं उघडं होतं आणि कुणीतरी बघतंय असं उगीच वाटत राहिलं.

डोंगराचा माथा सपाट आहे. दोन-तीन हिवरांची झाडं होती, त्यांच्या तुटपुंज्या सावलीत तंबू उभे केले. खूण म्हणून दोऱ्यांना मुलींचे लाल रुमाल बांधले. उत्तरेला खाली हमरस्त्यावरचे ट्रक मुंग्यांसारखे दिसत, पण त्यांचा आवाज वरपर्यंत पोचत नव्हता. दक्षिणेला डोंगर एकदम तुटून खोल घळीत उतरत होता. हेच ते मागचं अंग. घळीपलीकडे दुसरी सोंड (डोंगराचा पुढे आलेला भाग) होती, उघडी, तांबूस.

उज्ज्वलाने कांदा चिरायला घेतला आणि मध्येच थांबली. "विजया, पाखरं न्हाईत गं हितं."

खरंच नव्हती. वाराही पडला होता. शेगडीचा फरफर आवाज आणि आमचं बोलणं सोडलं तर काही ऐकू येत नव्हतं. अशा शांततेत आपण आपोआप हळू बोलायला लागतो. आम्हीही तसेच बोलत होतो आणि ते कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

ऊन कलायला लागलं तेव्हा मुलींना घळीच्या कडेला प्रतिध्वनीचा शोध लागला. सुधीर त्यांना धरून उभा होता. "एस्तेऽऽर!" समोरच्या सोंडेवरून "एस्तेऽऽर" परत आलं. "गौतमीऽऽ!" तेही आलं. मुली खिदळत होत्या. मग सगळ्यांची नावं झाली, बाबांची, आयांची, शाळेतल्या बाईंचीही.

खेळ संपवून त्या मागे वळल्या, आणि घळीतून हाक आली.

"चंद्रेऽऽऽ!"

बाईचा आवाज होता. लांबवलेला, शेवटी थोडा चिरकलेला. संध्याकाळी अंगणात उभं राहून कुणाला तरी घरी बोलवावं, तसा. आमच्यापैकी कुणी ते नाव उच्चारलं नव्हतं. त्या नावाचं आमच्यात कुणी नव्हतंच.

एस्तेर माझ्या कमरेला घट्ट चिकटली. गौतमीने विचारलं, "आई, चंद्री कोन?"

सुधीरने तोंडाभोवती हात धरून ओरडून पाहिलं, "कोण आहे तिकडं?" त्याचाच आवाज परत आला. दुसरं काही नाही. सोंडेवर, घळीत, कुठे बाईमाणूस दिसत नव्हतं, हालचाल नव्हती. आम्ही सगळे कान देऊन उभे राहिलो. शेगडीवर भात करपल्याचा वास आला तेव्हा भानावर आलो.

"चला खाली," आनंद म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता. "आई म्हणायची, हाक एकदाच आली तर ओ द्यायची न्हाई. माणूस आसंल तर दुसऱ्यांदा हाक मारतंय."

सुधीर एरवी अशा बोलण्याला हसतो. त्या दिवशी त्याने मुकाट्याने तंबूच्या खुंट्या उपटायला सुरुवात केली. मीही भांडी भरली. मनातल्या मनात मी बायबलमधलं तेविसावं स्तोत्र म्हणत होते आणि 'मृत्यूच्छायेच्या दरीतून' या ओळीपाशी अडखळत होते. उज्ज्वला मात्र घळीकडे तोंड करून उभीच होती.

"उज्ज्वला, आवर ना," मी म्हटलं.

"आमच्याकडं नदीपल्याडनं हाका यायच्या," ती म्हणाली. "होडी ह्या काठाला असली की पलीकडनं मानूस वरडायचं. माझे आप्पा एका हाकेला होडी सोडायचे. म्हनायचे, दुसरी हाक मारायला तो ऱ्हाईल, न ऱ्हाईल."

तिने पाण्याची बाटली उचलली, पदर खोचला आणि कडेवरून उतरायला लागली. "अगं, ते मामा काय म्हनले?" आनंद ओरडला, आणि मग चडफडत तिच्या मागे गेला. मग सुधीर. मी मुलींचे हात धरून कडेला उभी राहिले. ते तिघं दगडांमागे दिसेनासे झाले.

तेवढ्यात एस्तेरने बोट दाखवलं. खूप खाली, एका खडकाच्या टोकावर एक पांढरी शेळी उभी होती. ती चरत नव्हती. मान खाली घालून एकाच जागी बघत होती. उज्ज्वला जवळ आली तरी ती हलली नाही, तिने एकदा वर आमच्याकडे बघितलं आणि पुन्हा मान खाली घातली.

मग आनंदची आरोळी आली, "मानूस हाय! जित्तं हाय!"

खडकाखालच्या कपारीत एक म्हातारे आबा पडले होते. एक पाय गुडघ्याखाली भलतीकडेच वळला होता. ओठ फुटले होते. उज्ज्वलाने पदर भिजवून त्यांच्या तोंडात थेंब थेंब पाणी पिळलं. सुधीरने मला ओरडून सांगितलं, रेंज मिळेल तिथं जा आणि रुग्णवाहिका बोलव. मुलींना घेऊन मी उत्तरेच्या कडेपर्यंत पळाले. फोन लागला.

तंबूच्या कापडाची झोळी करून तिघांनी आबांना वर आणलं. ते काही सांगू बघत होते. मी कान तोंडाशी नेला तेव्हा नुसता श्वास ऐकू आला, त्यात शब्द कसेबसे. "वरडून वरडून... कालच... आवाज गेला." शेळी झोळीमागून चालत आली, दोरी नसताना.

वस्तीकडे उतरताना अर्ध्या वाटेवर खालून माणसं धावत वर येताना दिसली. सगळी वस्ती होती. "गेनूआबा घावला! आरं, गेनूआबा घावला!" एकजण सुधीरचा हात धरून म्हणाला, "कालधरनं बायाबापड्यांसकट सगळी ओढ्याच्या अंगाला हुडकत व्हतो. घळीत कोन जातंय? तुमी कसं गेलाव?"

"हाक आली," सुधीर म्हणाला.

त्या माणसाने सुधीरच्या हातातलं झोळीचं टोक आपल्या हातात घेतलं. रुग्णवाहिका आबांना घेऊन गेली, आणि वस्तीने आम्हाला परत डोंगरावर जाऊ दिलं नाही. अंगणात सतरंज्या टाकल्या, पिठलं-भाकरी वाढली.

सकाळी आबांच्या बायकोने, हौसाबाईंनी, आम्हाला चहाला बोलावलं. कालचं अर्धं उघडं दार त्यांचंच. गुडघ्यांनी अधू असल्यामुळे त्या एकट्याच मागे राहिल्या होत्या. दवाखान्यातून पुतण्याचा फोन आला होता, आबा शुद्धीवर होते.

"तुमी गेला तवा मी आतच व्हते," त्या म्हणाल्या. "ओ द्यावी, उठून इचारावं वाटलं, पर उठवंना न् बोलवंना."

गौतमी अंगणातल्या पांढऱ्या शेळीला पाला भरवत होती. तिने विचारलं, "आजी, हिचं नाव काय?"

"चंद्री. मी ठिवलंय. त्यांला न्हाई आवडत, ते नुसतं हुर्र हुर्र करत्यात." हौसाबाईंनी पदराने डोळे पुसले. "काल सांच्याला चुलीपाशी बसले व्हते. म्हनलं, चंद्रीला हाक मारावी. शेळी आली तर मानूस येईल. तोंड उघडलं, पर आवाज फुटंना बाई. लई जोर केला. नुसतं आतल्या आत."

मी कपबशी खाली ठेवली. उज्ज्वला जमिनीकडे बघत होती. आनंदने काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तिने त्याच्या मनगटावर हात ठेवला. आम्ही कुणीच काही सांगितलं नाही. ते का, हे मला आजही नीट सांगता येत नाही. कदाचित त्या बाईंना घाबरवायचं नव्हतं. कदाचित आम्हीच घाबरलो होतो.

भांडगावातून मोटारसायकल घेऊन आम्ही चौफुल्याला आलो. तिथे निरोप घेताना सुधीर म्हणाला की ओढ्याच्या बाजूने शोधणाऱ्या एखाद्या बाईने हाक मारली असेल, डोंगरात आवाज कुठून कुठे जातो. आनंदने मान डोलावली. उज्ज्वला म्हणाली, "आसंल." आणि मोटारसायकलवर बसली.

आबांचा पाय वाचला. काठी घेऊन अंगणात फिरतात, डोंगर मात्र सुटला, असं पुतण्याने कळवलं.

प्रार्थना वर जाते, असं मला लहानपणापासून शिकवलं. ती आडवी, एका घरातून निघून डोंगर ओलांडून परक्या माणसाच्या कानात जात असेल, हे कधी मनात आलं नव्हतं. आता दुपारी क्वार्टरमध्ये सगळं निवांत झालं, दोन गाड्यांच्या मधली ती शांतता पसरली, की मी हातातलं काम थांबवते. कुठेतरी कुणीतरी तोंड उघडलं असेल आणि आवाज फुटला नसेल. मी थोडा वेळ तशीच उभी राहते, आणि मग कामाला लागते.