पुण्यानं बिघडवलेलं तोंड

परभणीच्या फलाटावर गाडी हलायला लागली की आई खिडकीतून शेवटची वस्तू द्यायची, ती सुपारीची पिशवी. ठेचा, लाडू, ज्वारीचं पीठ आधीच बॅगेत कोंबलेलं असायचं. सुपारी मात्र हातात. अडकित्त्यानं बारीक कातरलेली, तुपात परतून बडीशेप-लवंग घातलेली. “तोंडात धरत ऱ्हाय मंगे, म्हंजी करमंल,” असं म्हणत ती गाडीबरोबर चार पावलं चालायची.

आणि खरंच, लग्न होऊन परभणीजवळच्या झरीहून पुण्याला आले तेव्हा लय करमायचं नाही. गावाकडच्या बायांनो, तुम्हाला ओट्यावर बसलं की बोलायला माणूस मिळतं. इथं सोसायटीत शेजारणीचं दार उघडं दिसलं तरी नवल वाटतं. मॉलच्या काउंटरवर दिवसभर उभी राहायचे आणि गालात आईची सुपारी. तंबाखू नाही, गुटखा नाही. पाहुण्यापुढं ठेवायची, लग्न ठरलं की फोडायची, ती सुपारी. तिच्यात खोट असेल असं कुणाच्या बापाच्या तरी डोक्यात आलं असतं का? माझ्यासारख्या बाहेर पडलेल्या किती जणींच्या पर्समध्ये ती अजून असेल, देव जाणे.

मग तिखट सोसेना झालं. दिवाळीला माहेरी गेले आणि ठेच्याच्या एका बोटानं तोंडाची आग आग झाली. दही मागितलं तर वहिनी हसून लोटपोट. “ताई पुण्याच्या झाल्या बगा!” पुढच्या खेपेला घास चिमणीच्या चोचीएवढे झाले होते, आवाजही दबलेला. आई म्हणाली, “तोंडातल्या तोंडात काय बोलायलीस गं? मोठ्या लोकांवानी?” मला राग आला. आणि खोटं कशाला बोलू, आतून बरंही वाटलं. म्हटलं, सुधारलो की आपण!

पोराच्या वाढदिवसाला फुगा फुगवता येईना. पाणीपुरी फोडून चमच्यानं खाल्ली. जांभई आली की कानापर्यंत कळ जायची. मागच्या दाढेपर्यंत ब्रश पोचत नव्हता, ती किडली, ठणकायला लागली, तेव्हा कुठं दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांना आरसासुद्धा नीट आत घालता येईना. “तीन बोटं उभी घाला,” म्हणाल्या. दोन गेली, तीही ओढूनताणून. गालाची आतली कातडी सुपारीनं ताठ झालीय म्हणे. सोडली तर वाढायचं थांबेल, पण पहिल्यासारखं उघडेलच असं नाही. नाही सोडली तर पुढं कॅन्सरची भीती. मी पटकन म्हणाले, “अहो मॅडम, ती माझ्या आईनं दिलीय.” असं का बोलले, ते मलाही कळेना.

आईला फोनवर सांगायची छाती होईना. संक्रांतीला गेले. जेवताना ती भाकरी दुधात कुस्करत होती. वर्षानुवर्षं तसंच जेवते, आम्हाला वाटायचं तिला आवडतं. दात तर सगळे शाबूत.

“आई, तीन बोटं उभी घाल बरं तोंडात.”

“येड लागलं का तुला?” म्हणत तिनं घातली. एक गेलं, दुसरं दातांवरच अडलं.

मग मी सगळं सांगितलं. तिनं अडकित्ता मांडीवर घेतला. म्हणाली, “माझ्या मायला शेवटी पेजबी जात नव्हती. आमी म्हणलो, म्हातारपण हाय.” आणि मग माझ्याकडे न बघता, “म्हंजी तुला म्याच...”

“न्हाई गं,” मी म्हणाले. रागावू कुणावर? तिनं तर माया कातरून दिली होती.

परभणीच्या डॉक्टरांना तिच्या गालात पांढरा चट्टा दिसला. त्यावर नजर ठेवायला सांगितलंय, तारखेला न चुकता जायचं. त्या खेपेला गाडी हलली तेव्हा आईचा हात सवयीनं खिडकीत आला, रिकामाच. मी तो धरला, सुटेपर्यंत.

आता रोज संध्याकाळी आम्ही व्हिडिओ कॉल लावतो. तोंड ताणायला दोघींना लाकडी पट्ट्या दिल्यात, एकीवर एक रचून दातात धरायच्या. बोलता येत नाही, लाळ गळते, एकमेकींकडे बघत बसतो. घर म्हणजे आता झरी का पुणं, विचाराल तर सांगता येणार नाही. बहुतेक ही संध्याकाळची वेळच घर. तरी मधेच कुणाकडे अडकित्ता वाजला की तोंडाला पाणी सुटतं, आणि ज्या चवीनं तोंड मिटवलं तिचीच सय यावी, याचं काय करायचं ते उमगत नाही.

पट्ट्या काढल्या की आई पहिलं एकच विचारते, “मंगे, आता येशील तवा गाडीवर तुझ्या हातात काय देऊ गं?”