परदेशाच्या अलीकडची तार

आमच्या घरी एक डॅनिश पोरगा राहायला होता. सतरा वर्षांचा. अदलाबदलीच्या योजनेत तो वर्षभरासाठी यवतमाळला आला होता आणि त्याच्या बदल्यात आमची मुलगी त्याच्या घरी गेली होती. एकदा जेवताना तो सहज बोलून गेला की त्याचे आईवडील शनिवारी गाडी काढतात आणि रविवारी परदेशातून परत येतात. मी पडलो कॉलेजात भूगोल शिकवणारा. गप्प कसा बसणार?

"हात्तिच्या! आम्हीपण जातो की परदेशात," मी म्हणालो. "पैनगंगा ओलांडली की तेलंगणा. भाषा वेगळी, लिपी वेगळी, चहासुद्धा वेगळा."

बायकोने मान वर केली. तिचं माहेर मुकुटबनच्या पुढे, नदीच्या अलीकडे. शनिवारी तिथे मुक्काम आणि रविवारी परदेश, असं मीच जाहीर करून टाकलं.

शनिवारी संध्याकाळी सासुरवाडीच्या गच्चीवरून मी पोराला ती दूरची झाडांची रांग दाखवली. तिथे नदी, तिच्यापलीकडे परदेश. गावात वाघाची बोलवा होती. दिवे लागायच्या आत रस्ता रिकामा झाला होता, कुत्रीही कुठे दिसत नव्हती. मी वाघ पाहिला तो कॅलेंडरवर. पण पोराने विचारलं आणि माझं तोंड सुटलं.

"वाघ असतो नाल्याच्या झाडीत. म्हणून आपण शेताच्या धुऱ्याधुऱ्याने, बांधावरून चालायचं. आणि दिसलाच तर हलायचं नाही. पुतळा व्हायचं."

"वाघ," त्याने शब्द घोटला. "वाघ."

जेवणं झाल्यावर बायकोच्या धाकट्या भावाने, म्हणजे माझ्या साळ्याने, मला बाजूला घेतलं.

"भाऊजी, पोराले शेतात नका जाऊ देऊ. डुकराईनं हरभरा उखडून टाकला. झटका मशीन जळाली, मंग म्या धुऱ्यावरच्या तारेत डायरेक करंट सोडला."

"डायरेक? अरे, मानूस मरन ना!"

"सकाई मीच बंद करतो. कोनाले सांगू नका."

झटका मशीन जनावराला हिसका देऊन पळवते. डायरेक करंट, म्हणजे थेट विहिरीच्या मोटारीच्या लाइनीतला, पळवत नाही, जागेवरच ठेवतो.

मी वर गेलो तेव्हा पोरगा झोपला होता. त्याला हलवून उठवायला हवं होतं. पण सांगणार काय? माझ्या सासुरवाडीने शेताला फास लावलाय म्हणून? माझ्या इज्जतीला ते झेपेना. सकाळी चहावर बघू म्हटलं आणि पांघरूण ओढून घेतलं.

जाग आली ती बायकोच्या हाकेने. "अहो, पोरगं कुठं हाय?"

त्याच्या अंथरुणाची घडी घातलेली. बूट नाहीत. परदेश बघायला तो एकटाच निघाला होता, आणि दिशा दाखवणारा मीच. बायको गच्चीच्या कठड्याला टेकून पाहत होती.

"तो पाहा! नदीकडून वापस येऊन राह्यला. धुऱ्यानं!"

जाताना तो रस्त्याने गेला असणार. आता शहाण्या पोरासारखा नाल्यापासून लांब, बांधावरून, रमतगमत तो आमच्याच शेताकडे येत होता. साळा खाली दूध काढत होता. बादली टाकून तो मोटारीच्या खोलीकडे पळाला. करंट तिथून बंद व्हायचा आणि खोली शेताच्या पार त्या टोकाला. मी सरळ पोराच्या दिशेने सुटलो. धुक्यात तार दिसतच नव्हती, नुसत्या खुंट्या. एका खुंटीपाशी काहीतरी काळं आडवं पडलं होतं. मी पुन्हा तिकडे पाहिलं नाही.

पोराने मला पाहून हात केला. मला ओरडायचं होतं, "स्टॉप." पण इतके महिने आमचं सगळं बोलणं मराठीत. इंग्रजी शब्द मी त्याच्याशी एकच वापरायचो, ताटं वाढल्यावर. तोच बाहेर पडला.

"कम! कम!"

हातही तसेच हलले. पोरगा आज्ञाधारक. तो पळायला लागला.

"अहो, बोलवून काय राह्यले त्याले!" मागून बायको किंचाळली.

मला शब्द सापडेना. मग कुठूनसा एकच आला.

"वाघ!"

तो थिजला. एक पाय पुढे, आणि त्या पायापासून वीतभर अंतरावर तार. मान न हलवता तो डोळ्यांनी माझ्या पाठीमागे वाघ शोधत होता. मी दोन्ही हातांनी नको, नको करत राहिलो. किती वेळ गेला कोण जाणे. शेवटी खोलीपाशी साळ्याने दुपट्टा हलवला. तरी मी पोराला हलू दिलं नाही. बायको शेताच्या फाटकातून वळसा घालून गेली आणि तिने त्याचं कोपर धरून त्याला मागे ओढलं.

"बाबा, वाघ कुठे?"

मी तारेकडे बोट केलं. त्याला समजायला वेळ लागला. मग त्याला खुंटीपाशी पडलेलं रानडुक्कर दिसलं.

परदेश राहून गेला. भावाने सगळी तार गुंडाळेपर्यंत बायको धुऱ्यावरून हलली नाही. ते भेंडोळं तिने स्वतः आमच्या गाडीच्या डिकीत टाकलं.

"पुन्हा लावशीन तं बहीन मेली समज."

"नाही लावत, ताई."

मी गाडी सुरू केली तसा साळा माझ्या खिडकीशी वाकला. आवाज बहिणीला ऐकू जाणार नाही इतका खाली.

"पन भाऊजी, तुमीच सांगा. डुकरं तं आज रातीही येतीनच ना?"

तसली तार मुकुटबनात कुठल्याही दुकानात मिळते, हे त्यालाही माहीत होतं आणि मलाही. सोमवारी पहाटे शेजारच्या शेतात कापूस वेचायला बाया येणार होत्या, त्याच धुऱ्याने.

मी काच वर केली.