डाव्या खांद्यावरची बंदूक

फोन आला तेव्हा मी मेथी निवडत होते. रायफल क्लबातली एक मुलगी रडत म्हणाली, "आजी, आमच्या मॅडम गेल्या हो..." मॅडम म्हणजे माझी नणंद, मालती. सकाळी मुलींना नेम शिकवता शिकवता खुर्चीवर टेकल्या, त्या उठल्याच नाहीत. त्याला आता दीड महिना झाला. रडून झालं. आता मला त्यांच्याबद्दल थोडं मिरवायचंय.

वन्सं शाळेत खेळाच्या बाई होत्या. लग्न केलं नाही, आमच्यातच राहायच्या. जन्मानं डावखुऱ्या, पण सासूबाईंचा दंडक असा की डाव्या हातानं वाढलेलं पान देवाला चालत नाही. लहानपणी म्हणे तो हात फडक्यानं बांधून ठेवायच्या. त्यामुळं लिहिणं, जेवणं, वाढणं सगळं उजव्यानं, आणि बंदूकही उजव्या खांद्याला. क्लबाची रायफल घेऊन जिल्ह्याच्या निवडीला दोनदा उतरल्या, दोन्हीदा थोडक्यात हुकल्या. तेव्हा चाळिशी उलटली होती. म्हणाल्या, "वहिनी, आता स्वतःची एअर रायफल घेते. तिसऱ्यांदाही नाय जमलं तर सोडून देते."

शहागंजच्या पुढं बंदुकांचं एक जुनं दुकान होतं. आम्ही तिघं गेलो. आमचे हे, म्हणजे त्यांचे दादा, शिरल्या शिरल्या म्हणाले, "माले, ही दुर्बिणीची घे. समोरचं कसं तळहातावर आल्यासारखं दिसतंय!"

"दादा, मला काय चिमण्या टिपायच्यात? आमच्या स्पर्धेत दुर्बीण चालत नाय. मागच्या बारीक भोकातून पाहायचं अन् पुढच्या कड्यात काळा ठिपका बसवायचा." ह्यांनी दुर्बीण हळूच खाली ठेवली.

वन्संनी तीन रायफली खांद्याला लावून पाहिल्या, चकचकीत पॉलिशची एक पसंतही केली. दुकानदार चाचा मात्र त्यांच्या मानेकडंच बघत होते. "बाईसाब, गर्दन कायकू टेढी करते?" मग त्यांनी वन्संना दोन्ही तळव्यांमध्ये छोटी फट धरून भिंतीवरचं घड्याळ बघायला लावलं. उजवा डोळा मिटला, घड्याळ जागेवर. डावा मिटला, घड्याळ गायब! "आपकी आँख बायीं है. बंदूक भी बायें कंधे पे होना." इतकी वर्षं ह्या बाई डाव्या डोळ्यानं बघायला उजव्या खांद्यावरून मान वाकवत होत्या...

चाचांनी आतून एक साधी रायफल आणली, खांद्याला टेकायचा लाकडी दस्ता दोन्ही अंगांनी सारखा, डाव्यालाही चालेल असा. पण वन्सं हात लावीनात. एका शिट्टीवर अख्खी शाळा पळवणारी बाई, डावा हात पाठीमागं घेऊन उभी. "नको वहिनी... आई..."

मी म्हटलं, "सासूबाई घरी आहेत. इथं मी आहे. लावा."

लावली. मान आपोआप सरळ झाली. कितीतरी वेळ त्यांनी ती खाली घेतली नाही. मग हळूच म्हणाल्या, "वहिनी, सरळ दिसतंय हो..."

मी म्हटलं होतं, घरी सांगूच नका. पण लपवणं त्यांच्या रक्तात नव्हतं. चप्पल काढली अन् थेट सासूबाईंसमोर उभ्या राहिल्या. सगळं ऐकून म्हातारीनं लेकीचा डावा हात ओढून निरखून पाहिला. मग विचारलं, "नेम लागतो का पण?"

"आज नाय. पुन्हा पहिल्यापासून शिकावं लागंल."

"मग शिक. बंदूक धर डाव्यानं... पान मात्र उजव्यानंच वाढायचं!"

वर्षभर वन्सं नवशिक्या पोरीसारख्या शिकल्या. सुरुवातीला छर्रे कागदाच्या कडेला लागायचे, हे चिडवायचे, पण त्या हटल्या नाहीत. तिसऱ्या निवडीत जिल्ह्याच्या संघात नाव आलं. सासूबाई गल्लीभर सांगत सुटल्या, "माझ्या मालीचा डावा हात हाय तो!" जणू सासूबाईंनीच तो तालमीत घडवलेला. वन्सं नुसत्या हसल्या. पुढं शाळेतून निवृत्त झाल्यावर क्लबात शिकवायला लागल्या, अन् आमच्या भागातल्या किती पोरींना त्यांनी उभं केलं, ते त्या पोरीच सांगतील.

परवा मी त्यांची रायफल पुसायला घेतली. दस्त्याच्या उजव्या अंगाला, जिथं त्यांचा डावा गाल टेकायचा, तिथलं पॉलिश घासून पार उडालंय. लाकूड मऊ झालंय. मुलगा म्हणाला, "आई, नवं पॉलिश मारून आणू?"

मी म्हटलं, "हात लावू नको तिथं."