सगळे देश, एक वगळून

नाव: सिंग, सुलखन. जन्मतारीख: १ जानेवारी. (आमच्यातले निम्मे लोक त्याच दिवशी जन्मलेले आहेत; फ्रेंच सरकारने या योगायोगाबद्दल आजवर चकार शब्द काढलेला नाही.) उंची: एक मीटर बहात्तर, पगडी सोडून. व्यवसाय: भिंतींना प्लास्टर करणे. वैवाहिक स्थिती: अविवाहित. दर्जा: मान्यताप्राप्त निर्वासित. प्रवासाची मुभा: सगळे देश, भारत वगळून. मूळ देशाशी संबंध: नाहीत.

हा मजकूर दर नूतनीकरणाला मीच लिहितो. पॅरिसच्या उत्तरेला, पूर्वी टायरांचं गोदाम होतं त्या इमारतीत आमचा गुरुद्वारा आहे. रविवारी लंगरच्या जिन्याखाली टेबल टाकून मी लोकांचे अर्ज भरतो. समोरच जोडाघर. तिथे सुलखन संगतीचे, म्हणजे दर्शनाला आलेल्यांचे, जोडे घेतो, पितळी बिल्ला देतो आणि वेळ मिळाला की कुणी न सांगता ते पुसून ठेवतो. एकतीस वर्षं हे चाललंय.

दुपारी तीनला हे नसलेले संबंध फोनच्या पडद्यावर यायचे. बेबे, म्हणजे त्याची आई नसीब कौर, वय अठ्ठ्याहत्तर, रावी नदीच्या भारताकडच्या बाजूला कोट मेहरू नावाच्या गावात राहते.

"पगडी नीट बांध की, माकडा. सगळी गल्ली बघतेय तुला."

"बेबे, ऐकू येतंय सगळ्यांना."

"येऊ दे. खोटं बोलते का मी?"

तिला इकडे आणायचा प्रयत्न दोनदा झाला आणि व्हिसा दोनदा नाकारला गेला. तिसऱ्यांदा तिनेच नकार दिला. "मला काय तुमच्या मडमा बघायच्यात?" त्याला तर तिकडे जाता येत नव्हतंच.

कोट मेहरूच्या गच्चीवरून हिवाळ्यात, धुकं नसलं की नदीपलीकडे एक पांढरा ठिपका दिसतो. तो कर्तारपूरचा गुरुद्वारा. आधल्या पिढीने सत्तर वर्षं हात जोडले ते त्या ठिपक्याला. मग सीमेवर रस्ता उघडला. अलीकडच्यांनी सकाळी जायचं, मत्था टेकायचा आणि संध्याकाळच्या आत परत यायचं. ही बातमी ऐकली तेव्हा फ्रेंच कायद्यातली फट आमच्या वकिलाआधी बेबेला दिसली.

"तुला भारतात यायची बंदी ना?"

"हो."

"कर्तारपूर कुठे आहे?"

"पाकिस्तानात," सुलखन म्हणाला. ती म्हणाली, "मग ये की तिथे. मीही येते. गुरू जोतीजोत समावले त्या दिवशी. एवढं तरी लक्षात ठेवशील ना?"

त्यानंतर सहा महिने सुलखनला दुसरं काही सुचलं नाही. गुरुद्वाऱ्याचा यात्रेकरूंचा जथ्था कर्तारपूरला निघणार होता, त्यात त्याने नाव घातलं. बेबेने पासपोर्ट काढला. सुलखनच्या पुतण्याने, गुरमुखने, तिची ऑनलाइन नोंदणी केली. रोज कामावरून येताना सुलखन माझ्या दारात थांबून तेच विचारायचा: "वीरजी, तिकडे दोघांना एकत्र बसू देतात ना?" मी म्हणायचो, लंगरमध्ये कुणाला वेगळं बसवतात का? तो हसायचा आणि उद्या पुन्हा यायचा.

तारीख कुणीच कुणाला विचारली नाही. त्याला कारण आहे. पाच वर्षांपूर्वी आमच्याकडे कॅलेंडरवरून भांडण झालं. गुरुपर्व ठरलेल्या तारखेला करायचं की चंद्राच्या तिथीने, यावर दोन सभा झाल्या आणि एक खुर्ची मोडली. चंद्रवाले उठून गेले आणि पलीकडच्या गल्लीत त्यांनी आपला गुरुद्वारा काढला. तेव्हापासून आमच्या भिंतीवर एकच कॅलेंडर आहे. दुसरं अस्तित्वात आहे हे मान्य करणं म्हणजे हार मानणं; म्हणून कुणी ते मान्य करत नाही. तारीखवाल्यांचा जोतीजोत, म्हणजे गुरूंचा निर्वाणदिन, बावीस सप्टेंबरला असतो.

मीही जथ्थ्यात होतो. बावीसला पहाटे आम्ही कर्तारपूरला पोचलो. मत्था टेकून होताच सुलखन तिथल्या जोडाघरात सेवेला उभा राहिला.

"इथेही?" मी म्हणालो.

"वीरजी, इतक्या गर्दीत शोधणार कुठे? जोडे काढल्याशिवाय आत कुणीच जात नाही. तीही इथेच येणार."

नऊपासून सीमेपलीकडच्या बसेस यायला लागल्या. गळ्यात ओळखपत्रं अडकवलेली माणसं आली. गुरदासपूरची, बटाल्याची, त्याच्या बोलीत बोलणारी. प्रत्येक म्हातारीच्या हातातून तो जोडे दोन्ही हातांनी घेत होता.

"कुठला रे तू?" बटाल्याच्या एका बाईने विचारलं.

"पॅरिसचा, माताजी."

"अरे वा! तिथे काय करतोस?"

"जोडे सांभाळतो."

"आणि इथे?"

"तेच."

"मग एवढं तिकीट कशाला फाडलंस, पुत्तर?" ती म्हणाली, आणि तिच्या सगळ्या मैत्रिणी हसल्या. तोही हसला, नजर मात्र बसच्या दारावर होती.

दुपारी त्याला बळेच जेवायला नेलं, तर पाच मिनिटांत परत आला. चारनंतर उलटी रांग लागली. बिल्ले येऊ लागले, जोडे जाऊ लागले, कप्पे रिकामे झाले. पाचला शेवटची बस गेली. मग त्याने फोन लावला.

"चाचा, तुम्ही आजच पोचलात?" गुरमुखचा आवाज मलाही ऐकू आला. "जोतीजोत तर अठ्ठावीसला! इथे भिंतीवर तिथीची जंत्री आहे ना, त्यात बघूनच नोंदवलंय मी!"

मागून बेबे विचारत होती, काय झालं, काय झालं.

नवी नोंदणी करायची तर दहा दिवस आधी करावी लागते. सुलखन जथेदाराकडे गेला आणि म्हणाला, मला सहा दिवस इथे राहू द्या, फरशी पुसतो. जथेदाराने यादी दाखवली. व्हिसा एकेकट्याचा नव्हता, सगळ्या यादीवर मिळून एकच होता: सगळ्यांनी एकत्र यायचं, एकत्र जायचं. सुलखनने यादी दोनदा वाचली, वाचता येत असल्यासारखी.

निघताना तो पुन्हा जोडाघरात गेला. पिशवीतून एक खोका काढून त्याने तिथल्या वृद्ध सेवादारापुढे ठेवला. आत मऊ तळव्यांचे, पट्टीचे जोडे होते, गुडघेदुखीवाल्यांसाठी असतात तसले.

"अठ्ठावीसला कोट मेहरूची नसीब कौर येईल. तिला द्याल?"

"ओळखू कशी?"

"उजवा गुडघा धरून चालते. आणि तुम्हाला काहीतरी सुनावेल."

अठ्ठावीसला तिने सुनावलं, आणि सेवादाराने ओळखलं. पुढच्या रविवारी तीनला फोन आला. "तू उभा होतास ती जागा दाखवली त्यांनी," बेबे म्हणाली. "बसले मग तिथेच. बस सुटेपर्यंत." सुलखन म्हणाला, "बरं केलंस." फोन मात्र दोघांनीही ठेवला नाही. जोड्यांसाठी लोक रांगेत थांबले होते. कुणी हाक मारली नाही.

नोव्हेंबरमध्ये त्याच्या कार्डाचं नूतनीकरण आलं. मी त्या रकान्याशी थांबलो.

"लिहा, वीरजी," तो म्हणाला. "संबंध: नाहीत."

मी लिहिलं. जोडे बेबेला दीड नंबर लहान झाले. गुरमुखने हे मला सांगितलं, सुलखनला नाही.