टॉवेलासकट वजन

रुग्णालयाच्या नोंदणी विभागात बत्तीस वर्षं काढलेल्या त्या कारकुनाला सगळे रकानेकाका म्हणत. कुठलाही कागद हातात आला की आधी त्यातला रिकामा रकाना शोधायचा, ही त्यांची खोड. बायकोने किराणाची यादी दिली तरी "तेल लिहिलंयस, पण किती ते नाही," म्हणून दारातून परत यायचे.

निवृत्तीला दीड वर्ष उरलं असताना त्यांच्या टेबलावर नवं काम येऊन पडलं. प्रसूती विभागाच्या डॉक्टरबाई एक संशोधन करत होत्या. गरोदरपणातल्या कुठल्या गोष्टींचा बाळाच्या वजनावर आणि तब्येतीवर परिणाम होतो, ते त्यांना शोधायचं होतं. तीन वर्षांत जन्मलेल्या चार हजार बाळांच्या नोंदी संगणकात भरायच्या होत्या. दर बाळामागे एकशे बारा रकाने. दुसरा कुणी असता तर रजेवर गेला असता. काकांचा चेहरा उजळला.

पण आजवर त्यांनी मोडक्या हाडांच्या आणि मोतीबिंदूच्या नोंदी केल्या होत्या. बाळंतपणात इतकं काय काय बिघडू शकतं, याची त्यांना कल्पनाच नव्हती. आणि काम संपत आलं असताना नेमकी त्यांची एकुलती एक लेक सातव्या महिन्यात माहेरी आली.

मग घरीही चौकशी सुरू झाली. चपला काढायच्या आधी काका विचारायचे, "रक्तदाब किती? पायांवर सूज? बाळ किती वेळा हललं?"

"बाबा, मी मोजत नाही बसले."

"मग मी समजू काय?"

"समजा की बाळ झोपलंय, आणि त्याच्या आईलाही झोपायचंय."

"हिच्या वेळी तुम्ही बाहेर बाकावर वर्तमानपत्र उलटं धरून बसला होतात," स्वयंपाकघरातून बायको म्हणाली. "आता आलेत मोठे जाणकार!"

इकडे ऑफिसात आकडे भरून झाले आणि डॉक्टरबाई हरखून गेल्या. थंडीच्या महिन्यांत जन्मलेली बाळं बाकीच्यांपेक्षा दीडशे ग्रॅमने जास्त भरत होती. एखाद्या वर्षी नव्हे, तिन्ही वर्षं. थंडीत आयांची भूक वाढते, झोप चांगली लागते, भाज्या ताज्या मिळतात, अशी कारणं बाईंनी कागदावर मांडली. मोठ्या परिषदेत त्यांचं भाषण ठरलं. ती चार हजार बाळं जणू आपल्याच घरची, अशा थाटात काका व्हरांड्यातून फिरू लागले.

परिषदेला आठ दिवस राहिले असताना, ऐन गारठ्यात, दुपारी तीनला लेकीची सुटका झाली. मुलगी. ओळखीचे म्हणून सिस्टरने काकांना आणि काकूंना वजनाच्या खोलीत बोलावलं. जाडजूड टॉवेलातलं गाठोडं काट्यावर ठेवलं आणि आकडा वाचला, "दोन किलो नऊशे! छान आहे हो नात."

काकूंनी डोळ्यांना पदर लावला. काका मात्र काट्याकडे बघत होते.

"सिस्टर, टॉवेल काढला नाहीत."

"काका, जन्मून दहा मिनिटं नाही झाली तिला. या थंडीत उघडं ठेवू? गार पडेल लेकरू. थंडीत आम्ही टॉवेलासकटच करतो वजन. उन्हाळ्यात उघडं."

"दर वर्षी?"

"मी इथे आल्यापासून तरी दर वर्षी."

नोंदीच्या त्या रकान्यावर स्पष्ट छापलं होतं, 'बाळाचं वजन, कपड्याशिवाय'. त्यांनी कपाटातून तसाच दुसरा टॉवेल काढला आणि काट्यावर ठेवला. दीडशे ग्रॅम.

"म्हणजे दोन किलो साडेसातशे," ते म्हणाले.

"अहो!" काकू कडाडल्या. "जन्मल्या जन्मल्या नातीचं वजन घटवलंत? लोकांचे आजोबा कौतुक करतात, आणि आमचे हे वजाबाकी करतात!"

"बाबा," पलीकडून लेकीचा थकलेला आवाज आला, "ती बरी आहे ना?"

तेव्हा कुठे काकांच्या लक्षात आलं की आपण नातीचं तोंडच पाहिलेलं नाही. त्यांनी वाकून पाहिलं. तिने एवढीशी जांभई दिली. "मस्त आहे गं," ते म्हणाले आणि टॉवेलाची घडी तिच्या हनुवटीखाली नीट केली.

तासाभराने ते टॉवेल पिशवीत घालून डॉक्टरबाईंसमोर उभे राहिले. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग कपाटातले बारा टॉवेल स्वतः तोलले आणि स्टुलावर बसल्या.

"काका, हे आधी नाही का सांगता आलं?"

"नात आजच झाली ना मॅडम."

बाई हसल्या, पण फार वेळ नाही. अडीच किलोच्या आतल्या बाळांवर जास्त लक्ष ठेवावं लागतं. टॉवेलामुळे काही अशक्त बाळं धडधाकट म्हणून घरी गेली असणार. काकांनी दोन दिवस मान वर न करता यादी काढली. एकसष्ट निघाली. मग फोन लावायचं कामही त्यांच्याच गळ्यात पडलं.

"ताई, तुमच्या बाळाचं वजन जन्मताना कमी होतं बरं का."

"आता सांगताय? दोन वर्षांचा झालाय तो! काल खुर्चीवर चढून फ्रीज उघडला त्याने!"

"तरी एकदा आणा."

"आणते. पण तुमच्या टेबलावर चढला तर मला बोलायचं नाही."

बाई परिषदेला गेल्या आणि ठरलेलं भाषण बाजूला ठेवून टॉवेलाची हकिगत सांगितली. सभागृह खो खो हसलं. चहाच्या वेळी मात्र दोन रुग्णालयांचे डॉक्टर हळूच जवळ येऊन विचारून गेले, "टॉवेल केवढा जाड होता हो?" परत आल्यावर बाईंनी नियमच केला. आधी नुसता टॉवेल काट्यावर, मग शून्याचं बटण, मग त्यात बाळ. सिस्टर आठवडाभर काकांशी बोलली नाही.

एकसष्टांतली त्रेपन्न मुलं तपासणीला आली. बहुतेक ठणठणीत होती. एका मुलीचं रक्त मात्र फारच कमी भरलं. आणखी उशीर झाला असता तर अवघड होतं, असं बाई म्हणाल्या. तिला औषध सुरू झालं. महिन्याने तिची आई तिला पुन्हा घेऊन आली तेव्हा ती मुलगी काकांच्या टेबलाखाली शिरली आणि निघायचं नाव घेईना. शेवटी काकाच गुडघे टेकून आत वाकले, आणि दोघांना बाहेर काढायला सिस्टरला यावं लागलं.